मराठा आरक्षणावर ऑनलाइन वाद कसा घालावा
मराठा आरक्षणावर समाजमाध्यमांत वाद घालायचा असेल, तर आपण नेमक्या कोणत्या कायद्याविषयी बोलत आहोत, हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट करावे. २०१८ च्या कायद्याने दिलेले १६ टक्के आरक्षण मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणले, सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी ते रद्द केले आणि २०२४ मध्ये विधिमंडळाने १० टक्क्यांचा नवा कायदा केला. हे टप्पे एकमेकांत मिसळले, की दोन्ही बाजू आपापल्या परीने खरे बोलत असूनही भांडत राहतात.

एकूण आरक्षणावरील ५० टक्क्यांच्या मर्यादेचा दाखला देताना सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने अपवादात्मक परिस्थितीसाठी वाट मोकळी ठेवली होती, हेही सांगावे. सोयीचा तेवढाच भाग उचलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. मराठा कुटुंबांच्या जुन्या कागदपत्रांतील कुणबी (इतर मागासवर्गातील जात) नोंदींचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडावा, कारण तिथे मागणी इतर मागासवर्गात समावेशाची आहे.

निकालपत्राचा दुवा परिच्छेद क्रमांकासह द्यावा. वाहिनीवरच्या ठळक बातमीचा स्क्रीनशॉट पुरावा ठरत नाही. आडनावावरून जात ताडून उत्तर देणे कटाक्षाने टाळावे, कारण त्यानंतर मूळ प्रश्नावर कोणीही बोलत नाही. एखाद्या अभिनेत्याने मत मांडले, तर त्याच्या चित्रपटांवर घसरू नये. समोरून धमकी आली, तर मात्र उत्तर न देता स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करावी.