भाऊबीजेच्या दुपारी दिवाळी अंकाचं अभिवाचन

भाऊबीजेची जेवणं आटोपली की चारच्या सुमारास सगळे घरात असतात, तेव्हा दिवाळी अंकातली एखादी कथा पात्रं वाटून घेऊन मोठ्याने वाचायला बसा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हा बेत नको. फटाक्यांच्या आवाजात एक वाक्य धड ऐकू येत नाही.

खरी मेहनत कथेच्या निवडीत आहे. दिवाळी अंकातल्या काही उत्तम कथाही मोठ्याने वाचल्या की पडतात. वाचणारा मागचं पान पुन्हा उलटून बघू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नसते. म्हणून तीन-चार पात्रांची, संवाद भरपूर असलेली, शक्यतो एकाच दिवसात घडणारी कथा घ्या. एक पान घड्याळ लावून मोठ्याने वाचा आणि आलेल्या वेळेला पानांच्या संख्येने गुणा. वीस मिनिटं पुरेशी आहेत. मनातल्या वाचनावरून बांधलेला अंदाज नेहमी कमी येतो.

काटछाट करण्याआधी शेवट पुन्हा वाचा. शेवटाला लागणारा एखादा तपशील सुरुवातीच्या वर्णनात दडलेला असतो. तोच उडाला तर कथा कळत नाही. पात्रांना वेगवेगळे आवाज असतील, तर ‘तो म्हणाला’, ‘ती उत्तरली’ पेन्सिलीने खोडा. पात्र पहिल्यांदा बोलतं तिथे मात्र ते राहू द्या.

प्रत्येकाला झेरॉक्स द्या, एकाच बाजूला छापलेली आणि अक्षर थोडं मोठं करून. अंकात मजकूर बहुधा दोन स्तंभांत असतो. अंक हातात धरून वाचताना नजर शेजारच्या स्तंभात घसरते. पानांना क्रमांक घाला, पिना काढा, आपापले संवाद रंगवून ठेवा.

निवेदन घरातल्या सर्वांत संथ वाचणाऱ्या माणसाकडे द्यावं. आजी-आजोबा हे काम फार चांगलं करतात. मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद ती बोली ज्याच्या तोंडात आहे त्यालाच द्या. तसं कुणी नसेल तर दुसरी कथा शोधा, कारण ओढूनताणून काढलेली बोली कानाला खुपते.

पाडव्याला एक तालीम हवीच. तिथे एकच गोष्ट नीट ऐका: वाक्याचा शेवट. मराठीत क्रियापद आणि ‘नाही’ शेवटी येतं. नेमका तिथेच आवाज खाली गेला की अर्थ उलटा पोचतो. उपाय सोपा आहे, लांब वाक्याच्या मध्यावर श्वासाची खूण करा.

वाचनाच्या वेळी चकली, चिवडा, कडबोळी बाजूला ठेवा. हे कुरकुरीत पदार्थ संवाद बुडवतात. चहा आणि बेसनाचे लाडू चालतील. पंखा मंद करा, नाहीतर पानं उडतात.

लहान मुलांसाठी सुरुवातीला पाच मिनिटं कोडी आणि कविता ठेवा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत, तेव्हा परदेशातल्या घरांचीही अडचण होत नाही.

अंक विकत घेताना भावंडांनी आधी यादी वाटून घ्यावी. चार घरांनी दोन-दोन वेगळे अंक घेतले, तर आठ होतात. भाऊबीजेला अदलाबदल करा आणि मुखपृष्ठाच्या आत घराचं नाव लिहा, नाहीतर कुणाचा अंक कुठे गेला हे कळत नाही. अनेक वाचनालयं ठरावीक वर्गणीत काही महिने अंक फिरवतात. तिथे नाव दिवाळीआधीच नोंदवा.