झाडीपट्टीच्या मंडपात सबवूफरचा क्रॉसओव्हर कुठे ठेवावा

धानाची कापणी आटोपली की गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत गावोगावी झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. रात्रभर चालणाऱ्या या प्रयोगात शेवटच्या रांगेतील म्हातारीलाही प्रत्येक शब्द कळावा, ही साऊंड लावणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे, आणि क्रॉसओव्हर चुकला की सर्वांत आधी शब्दच हरवतात.

ज्या वारंवारतेच्या खालचा आवाज सबवूफरकडे (फक्त खालचा, जाड आवाज वाजवणारा बॉक्स) आणि वरचा टॉपकडे (बाकीचा आवाज वाजवणारा मुख्य स्पीकर) जातो, ती सीमा म्हणजे क्रॉसओव्हर. ती ठरवताना सबवूफर किती वरपर्यंत वाजतो हे पाहू नये, तर टॉप किती खालपर्यंत दम न सोडता वाजतो हे पाहावे. माहितीपत्रकातील उणे 10 डेसिबलचा आकडा, म्हणजे ज्या वारंवारतेला टॉपचा आवाज 10 डेसिबलने उतरलेला असतो तो, फसवा असतो. उणे 3 डेसिबलचा आकडा घ्यावा आणि त्याच्या बराच वर क्रॉसओव्हर ठेवावा. टॉप 65 हर्ट्झपर्यंत नीट वाजत असेल, तर 90 ते 100 हर्ट्झ योग्य ठरते. साधारणपणे 15 इंची टॉपसाठी 80 ते 100 आणि 12 इंचीसाठी 100 ते 120 हर्ट्झपासून सुरुवात करावी.

वरची मर्यादा मात्र नटाचा गळा ठरवतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण 85 ते 180 हर्ट्झच्या दरम्यान असतो. त्यामुळे क्रॉसओव्हर 150 वर गेला, की खलनायकाचे संवाद रंगमंचावरून येण्याऐवजी जमिनीवरच्या बॉक्समधून घुमू लागतात. एका प्रयोगात मी स्वतः ही चूक केली होती आणि मध्यंतरापर्यंत प्रेक्षक कान टवकारून बसले होते. म्हणून शक्य असल्यास मिक्सरच्या ऑक्समधून (वेगळ्या आउटपुटमधून) फक्त ऑर्गन, ढोलक आणि ऑक्टोपॅड सबवूफरकडे पाठवावेत आणि माइकवर 100 हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावावा, म्हणजे फळ्यांवर पडणाऱ्या पावलांचा धपधप आवाजही थांबतो.

सबवूफर 100 वर कापून टॉप पूर्ण मोकळे सोडले, तर खालचा पट्टा दोन्हीकडून वाजतो आणि आवाज गढूळ होतो. दोन्हीकडे 24 डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा (सीमेपलीकडे वारंवारता दुप्पट किंवा निम्मी होताना आवाज 24 डेसिबलने उतरवणारा) लिंकविट्झ-रायली प्रकारचा फिल्टर लावावा. सीमेवर दोघेही 6 डेसिबल खाली असतात आणि वेळ व फेज (ध्वनिलहरींचा चढउतार) जुळल्यास बेरीज सपाट येते.

मोकळ्या शेतात भिंतींचा आधार नसल्याने बेस पातळ वाटतो, आणि तेव्हा अनेकजण क्रॉसओव्हर वर चढवतात. त्याऐवजी दोन्ही सबवूफर जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवावेत. ते दोन टोकांना ठेवल्यास मधोमध दणका बसतो आणि बाजूला बसलेल्यांना काही ठिकाणी बेस जवळजवळ ऐकूच येत नाही.

सबवूफर टॉपच्या दोन मीटर पुढे असेल, तर त्याला सुमारे 6 मिलिसेकंद डिले (उशीर) द्यावा. मग क्रॉसओव्हरच्याच वारंवारतेचा सूर वाजवून प्रेक्षकांच्या मधोमध उभे राहावे, सबवूफरची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटसुलट करून पाहावी आणि सूर ज्या स्थितीत मोठा येतो ती ठेवावी.

शेवटी एखाद्या जाड गळ्याच्या नटाला संवाद म्हणायला लावून स्वतः मागच्या कनातीपाशी जावे आणि सहकाऱ्याला 90, 100, 110 असे बदलायला सांगावे. शब्द सर्वांत स्वच्छ लागतात त्या आकड्यावर खडूची खूण करून ठेवावी, कारण उद्या गाव बदलले तरी टॉप तेच असतील.