आठवीच्या वर्गात मोबाईलचा तास कसा घ्यावा

शाळेत 'सायबर सुरक्षा' म्हटलं की पोलीस ठाण्यातून साहेब येतात, पाचवी ते दहावी एकत्र हॉलमध्ये बसतात, तासभर भीती घालून झाली की ग्रुप फोटो. तो कार्यक्रम ठेवा, पण त्यावर भिस्त नको. मी घेते तो तास एकाच वर्गाचा, फळ्यावरचा. त्याला संगणक कक्षही लागत नाही.

आधी विचारा, घरातला फोन कुणाचा? आमच्याकडे बहुतेक हात 'पप्पांचा' म्हणून वर होतात. म्हणजे पोरगं ज्यावर गेम खेळतं, त्याच फोनवर डेअरीचं पेमेंट आणि बँकेचे ओटीपी. म्हणून सुरुवात पैशांपासून. एकच वाक्य पाठ करून घ्या: पैसे यायला पिन लागत नाही. गेममधले फुकटचे डायमंड असोत की 'स्कॉलरशिप जमा झाली', पिन मागितला की पैसे जाणार. पोरं हे घरी आजीलाही ऐकवतात.

मग लिंक. फळ्यावर दोन पत्ते लिहा, अर्थात इंग्रजी अक्षरांत: 'महरिझल्ट डॉट एनआयसी डॉट इन' आणि माझ्या मनचा 'महरिझल्ट-एनआयसी डॉट इन'. खरा कुठला? वर्ग हमखास दुभंगतो. आता पत्ता शेवटाकडून वाचायला शिकवा. पाकिटावर जिल्हा शेवटी असतो, तसंच इथे. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस' पुढच्या दोन तिरक्या रेघा सोडा. त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधीचा भाग मालक सांगतो. नुसतं 'डॉट इन' कुणीही विकत घेतं. 'डॉट एनआयसी डॉट इन', 'डॉट जीओव्ही डॉट इन' सरकारी यंत्रणेलाच मिळतं. शेवटी मुलांनाच खोटे पत्ते बनवायला सांगा. मागच्या बाकावरची मंडळी यात पहिली येतात!

फोटोंचा विषय वेगळ्या दिवशी घ्या आणि मुलींना बाजूला बसवून फक्त त्यांनाच सांगू नका. 'फोटो व्हायरल करतो' ही धमकी मुलग्यांनाही येते, आणि फोटो पुढे ढकलणारे आपल्याच वर्गातले असू शकतात. मुलांना सांगायचं ते थोडकं आहे: पैसे द्यायचे नाहीत, दुसरा फोटो पाठवायचा नाही, चॅट पुसायचं नाही. समोरच्याचं युजरनेम, नंबर, वेळ वहीत उतरवायची, मग ब्लॉक.

आपल्या शिक्षकांसाठी मात्र नियम कडक आहेत. मुलाचा तसला, म्हणजे नग्न किंवा अश्लील, फोटो 'पुरावा' म्हणून स्वतःच्या फोनवर घेऊ नका, शिक्षकांच्या ग्रुपवर तर नाहीच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली तो आपल्यावरच शेकू शकतो. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ नुसार असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'शाळेचं नाव खराब होईल' ही सबब तिथे चालत नाही. म्हणून 'कुणालाही सांगणार नाही' असा शब्द मुलाला देऊ नका. 'सांगावंच लागेल तेवढ्यांनाच सांगेन, आणि आधी तुला कल्पना देईन' एवढं म्हणा, आणि ते पाळा. फोटो हटवण्यासाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. त्यात फोटो फोनबाहेर जात नाही, त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे त्यावरून काढलेला सांकेतिक कोड, तेवढा जातो.

एवढं करूनही मूल गप्प बसतं, कारण सांगितलं की घरी फोन काढून घेतात. मुलीची तर शाळाच सुटते. म्हणून पालकसभा हवीच. आमच्या भागात ऊसतोड सुरू झाली की कुणी फिरकत नाही, तेव्हा ती दिवाळीआधी, धारा काढून झाल्यावर संध्याकाळी ठेवते. तिथे एकच मागणी करते: पोर स्वतःहून सांगायला आलं तर त्या दिवशी ना फोन हिसकवायचा, ना हात उगारायचा. मग मुलांकडूनच आईबापांच्या फोनमध्ये दोन नंबर सेव्ह करून घेते: पैसे गेले तर १९३०, मुलाला मदत हवी तर १०९८. आईकडे वेगळा फोन असेल, तर त्यातही.