फ्लॅटचे फोटो: भिंती हिरव्या का येतात, दारं तिरकी का दिसतात?

जाहिरातीसाठी उन्हाळ्यात काढलेला नागपूरच्या फ्लॅटचा फोटो लगेच ओळखू येतो. बाल्कनीला हिरवी जाळी, खिडकीत कूलर आणि हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर पोपटी झाक. मग व्हाइट बॅलन्सशी, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीच्या कॅमेऱ्यातल्या रंगाच्या सेटिंगशी, झटापट सुरू होते. बाल्कनीजवळची भिंत पांढरी केली की आतली गुलाबी पडते, कारण हिरवा उजेड सगळीकडे सारखा पोचलेलाच नसतो. मालकाला सांगून थोडा वेळ जाळी सोडवून घ्या. कॉम्प्युटरवर हे निस्तरत बसण्यात अर्थ नाही.

घरातले सगळे दिवे लावायची सवयही अशीच नडते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो पिवळा, जास्त तितका निळसर. पीओपीतले पिवळे एलईडी ३००० केल्विनचे, ट्यूब ६५०० ची, बाहेरचं ऊन ५५०० च्या आसपास. कॅमेरा यातला एकच रंग बरोबर पकडणार. सरळ दिवे बंद करा. कूलरमुळे खोली अंधारी असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर लावून शटर जास्त वेळ उघडं ठेवा, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० च राहू द्या. फ्लॅश छतावर मारायचा तर छत पांढरं हवं, नाहीतर छताचाच रंग खाली उतरतो. दिवे ठेवावेच लागले आणि फोटोत आडवे पट्टे आले, तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

खिडकी पांढरीफट्ट पडते? दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो घेऊन जोडा, पण ही जोडणी, म्हणजे एचडीआर, बेताने. कोपरे राखाडी झाले की घर कळकट दिसतं. बाहेर शेजारच्या बिल्डिंगची भिंतच असेल, तर खिडकी पांढरी पडली तरी माझी हरकत नाही.

आता तिरक्या भिंती. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरला की छत जास्त येतं, मग फरशी दाखवायला आपण तो खाली झुकवतो आणि उभ्या रेषा खालच्या बाजूला जवळ येतात. झुकवू नका, कॅमेराच छातीपर्यंत किंवा थोडा आणखी खाली आणा आणि लेव्हलमध्ये ठेवा. तरी फरक राहिलाच तर लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी लेन्स प्रोफाइल (लेन्समुळे आलेला वाकडेपणा काढणारं), मग उभ्या रेषा सरळ करणारं 'व्हर्टिकल'. त्याच्याच शेजारचं 'फुल' आडव्या रेषाही ओढायला जातं आणि कोनातून घेतलेल्या खोलीचा पार विचका करतं. 'गाइडेड'मध्ये सरळ काय हवं ते आपणच रेषा ओढून दाखवायचं. त्या रेषा दाराच्या चौकटीवर टाकतात, पण नागपूरच्या महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत चौकटच कधी कधी ओळंब्यात नसते. तिथे भिंतीचा कोपरा धरा. सरळ करताना कडा कापल्या जातात, म्हणून फ्रेम आधीच थोडी मोकळी घ्या.

फुल-फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) लेन्स १६ मिमीपेक्षा रुंद शक्यतो लावू नका. मिमीचा आकडा कमी तितकी खोली जास्त मावते, पण ताणलीही जाते. कडेचा सोफा दिवाणाएवढा लांब होतो, आणि दहा बाय दहाची बेडरूम हॉलसारखी पाहून भर उन्हात शहराच्या टोकाला बेसापर्यंत आलेलं गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं.