जुना लाकडी डेक दुरुस्त करताय? पावसाआधी या चुका टाळा

मे महिना संपत आला की पुण्यात डेकच्या कामांची एकच घाई उडते. सुतार हाताला लागत नाही, फॅब्रिकेटर फोन उचलत नाही, आणि मिळेल त्याच्याकडून मिळेल तसं काम उरकून घेतलं जातं. डेक टेरेसवरचा असो, बंगल्याच्या बागेतला असो की पानशेत-मुळशीकडच्या घराचा, दुरुस्ती फसण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. सगळ्यांचं लक्ष वरच्या फळ्यांवर, आणि डेक सडत असतो खालून.

लाकूड नुसतं भिजल्यामुळे सडत नाही. भिजल्यावर नीट वाळायला मिळालं तर चांगला साग कित्येक वर्षं उघड्यावर टिकतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत असेल तर कुजवणारी बुरशी तिथे वाढू शकत नाही. पाणी अडकून राहतं, वारा लागत नाही, तिथे मात्र ती हमखास धरते. त्यामुळे पाणी कुठे थांबतं हे शोधल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नका. त्यासाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चांगली सर पडून गेल्यावर दोन दिवसांनी डेकवर जाऊन बघणं. बाकी सगळं वाळलेलं असताना जी जागा अजून ओली आहे, तिथे खडूने खुणा करून ठेवा.

आधी पॉलिशवाल्याला बोलावणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सहकारनगरमधल्या एका बंगल्याच्या डेकचं उदाहरण सांगतो. फळ्या राखाडी पडल्या होत्या, पण वरून घट्ट होत्या. पॉलिशवाल्याने सांगितलं, “काकू, मशीनने घासतो आणि दोन हात मारतो, नव्यासारखा करून देतो.” काकूंना ते पटलं होतं. सुदैवाने त्यांच्या नेहमीच्या सुतारमिस्त्रींनी आधी एक फळी उचलायचा आग्रह धरला. वर गुलमोहर होता. त्याची इवलीइवली पानं फटींमधून खाली जाऊन फळ्यांना आधार देणाऱ्या आडव्या वाशाच्या माथ्यावर साचली होती. बोटभर जाडीचा काळा, ओला थर तयार झाला होता आणि त्यात चक्क गांडुळं होती. मिस्त्रींनी वाशात पेचकस टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला. वरची फळी मात्र उलटून बघितली तर शाबूत होती! तिच्यावर पॉलिश चढवलं असतं तर पैसे गेलेच असते, शिवाय डेक चांगला आहे अशा भरवशावर नातवंडं तिथे उड्या मारत राहिली असती.

तपासणी अशी करा: टोकदार पेचकस घ्या आणि कुंड्यांखाली, दोन फळ्या जिथे टोकाला टोक लागून येतात तिथे, भिंतीजवळच्या वाशांच्या टोकांना, स्क्रूंच्या भोवती आणि खांबांच्या बुडाशी दाबून बघा. नुसत्या हाताच्या जोराने टोक पाच-सहा मिलिमीटर आत जात असेल तर ते लाकूड गेलं असं समजा. पेचकसाच्या मुठीने ठोकून आवाजही ऐका. खणखणीत आवाज आला तर बरं, भदभद आला तर फळी उचला. दोन-तीन फळ्या तर काहीही झालं तरी उचलायच्याच.

दुरुस्ती की नवा डेक, हा निर्णय फळ्यांवरून घेऊ नका. वासे किंवा लोखंडी फ्रेम धड असेल तर एक तृतीयांश फळ्या बदलाव्या लागल्या तरी दुरुस्ती परवडते. एखाददुसरा वासा खराब असेल तर त्याच्या कडेला तेवढाच नवा वासा बोल्टने जोडता येतो. मात्र तो दोन्ही बाजूंनी कुजक्या भागाच्या बराच पुढे निरोगी लाकडापर्यंत गेला पाहिजे, आणि कुजका भाग कापून टाकला पाहिजे. वासे जिथे टेकतात तिथेच अनेक ठिकाणी कुजले असतील तर थिगळं लावू नका. सगळा डेक उतरवा.

‘खाली लोखंड आहे, त्याला काय होतंय?’

आपल्याकडच्या बहुतेक डेकची फ्रेम लोखंडी चौकोनी ट्यूबची असते. ही ट्यूब गंजते ती आतून. टोकं उघडी ठेवलेली असतात किंवा स्क्रूसाठी वरून भोक पाडलेलं असतं, तिथून पाणी आत उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आणि ट्यूबचा तळ कागदासारखा झालेला असतो. म्हणून ट्यूब खालच्या बाजूने हातोडीने ठोकून तपासा. वेल्डिंगच्या जोडांपाशी पापुद्रे निघत असतील तर तो तुकडा कापून नवा घालायला सांगा. त्यावर रंग मारून काही होत नाही.

नवीन फ्रेम करताना ट्यूबची जाडी लिहून घ्या. बाजारात १.२ मिलिमीटरची हलकी ट्यूब सर्रास मिळते आणि कोटेशनमध्ये फक्त ‘एमएस फ्रेम’ (एमएस म्हणजे माइल्ड स्टील, साधं लोखंड) एवढंच लिहिलेलं असतं. डेकसाठी किमान २ मिलिमीटरचा आग्रह धरा. टोकं बंद करून घ्या आणि सगळ्यात खालच्या ठिकाणी पाणी निघायला बारीक भोक ठेवा. गॅल्व्हनाइज्ड ट्यूब घेतली म्हणून निर्धास्त राहू नका, कारण वेल्डिंग होतं तिथला जस्ताचा थर जळून जातो. त्या जागी जस्तयुक्त प्रायमर लागलाच पाहिजे, आणि तो फळ्या बसायच्या आधी. फळ्या बसल्यावर ब्रश तिथे पोचत नाही.

टेरेसच्या स्लॅबला भोकं पाडणं

फ्रेम हलू नये म्हणून अँकर ठोकले जातात. ते कोबा आणि वॉटरप्रूफिंग फोडून खाली जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या बेडरूमच्या छताला ओल येते. मग सोसायटीत जे व्हायचं ते होतं. टेरेसवरची फ्रेम स्लॅबला न ठोकता जाड रबरी पॅडवर किंवा कमीजास्त करता येणाऱ्या पायांवर टेकवता येते. हलू नये म्हणून ती आपापसात घट्ट बांधलेली असली की पुरते. मात्र खूप वरच्या मजल्यावर, वादळी वाऱ्याच्या तोंडावर टेरेस असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच ठरवा.

जुना डेक निघाला की स्लॅब उघडा पडतो. ही संधी वाया घालवू नका. पाणी जायची जाळी बोळ्याने बंद करा, दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरा आणि ४८ तास तसंच ठेवून खालचं छत बघा. गळती असेल तर वॉटरप्रूफिंग आधी आणि डेक नंतर. उतार जाळीकडे साधारण १०० ला १ तरी असावा. तो दुरुस्त करायला कोणी सरसकट दोन इंच सिमेंट-वाळूचा थर टाकायला सांगितला तर थांबा. एवढा थर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वजन वाढवतो, आणि त्यावर डेक, कुंड्या, माणसं वेगळी. नवा डेक बसवताना जाळीच्या बरोबर वरची फळ्यांची चौकट सुटी ठेवा, म्हणजे ती उचलून कचरा काढता येईल. हे काम जूनच्या आधी एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा करायलाच हवं.

ऋतू न बघता फटी ठेवणं

पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत खाली येते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या पुढे असते. लाकूड त्याबरोबर आकसतं आणि फुगतं. १०० मिलिमीटर रुंद सागाची फळी या दोन टोकांमध्ये दीड-दोन मिलिमीटर सहज बदलते, पाइनची त्याहून जास्त. मेमध्ये ‘फिनिशिंग चांगलं दिसतं’ म्हणून फळ्या चिकटून बसवल्या की जुलैत त्या एकमेकींना ढकलतात, मधून उचलल्या जातात आणि स्क्रू उपटून काढतात. तक्रार घेऊन गेलात की मिस्त्री म्हणतो लाकूड ओलं होतं. खरं म्हणजे ते कोरडं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला.

उन्हाळ्यात बसवत असाल तर पाच ते सहा मिलिमीटर फट ठेवा. पावसाळ्यात नाइलाजाने बसवावं लागलं तर तीन पुरे, उन्हाळ्यात ती आपोआप रुंदावते. भिंतीपासून निदान दहा मिलिमीटर अंतर हवंच. लाकूड आणल्याबरोबर ठोकू नका. आडोशाला, मध्ये पट्ट्या घालून, आठ-दहा दिवस साइटवरच हवेशीर रचून ठेवा. शक्य असेल तर काम फेब्रुवारी-मार्चमध्येच काढा. तेव्हा सुतारालाही सवड असते.

लाकूड नावावर विकत घेणं

‘साग आहे साहेब’ एवढ्यावर भागत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलात तर फळीची दोन्ही टोकं बघा. मधला तपकिरी गाभा टिकतो, कडेचा पांढरट भाग सागाचा असला तरी वाळवी आणि बुरशी दोघांनाही चालतो. डेकच्या फळीत पांढरी कड नकोच. जुना वाडा पाडल्यावर निघालेला साग मिळाला तर तो उत्तम, कारण त्याचं आकसणं-वाकणं बरंचसं होऊन गेलेलं असतं. फक्त त्यातले जुने खिळे शोधून काढायला सुताराला वेळ द्या.

चाकण-भोसरीकडच्या कारखान्यांच्या पॅकिंगचं पाइनवूड स्वस्त पडतं, त्यावर ‘एचटी’ असा शिक्का असतो आणि विकणारा सांगतो की ट्रीटेड आहे. तो शिक्का परदेशी मालाबरोबर कीड जाऊ नये म्हणून लाकूड तापवल्याचा आहे. त्याने लाकूड कुजण्यापासून वाचत नाही, नवी कीड लागायचीही थांबत नाही. असं पाइन उघड्यावरच्या डेकला वापरू नका. डेकसाठीचं पाइन रसायन दाबाखाली आत मुरवलेलं हवं, आणि ते कापलं की कापलेल्या टोकांना पुन्हा प्रिझर्व्हेटिव्ह लावावं लागतं. टोकांतून पाणी फळीच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने शोषलं जातं.

डब्ल्यूपीसीला, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांना, वाळवीची आणि पॉलिशची कटकट कमी, हे खरं. पण ते उन्हात लांबीला वाढतं, तेव्हा टोकांना जागा लागते. एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. खालचे आधारही कमी अंतरावर लागतात, बऱ्याच कंपन्या दोन आधारांत ३०० ते ३५० मिलिमीटर सांगतात. जुन्या डेकचे आधार सागाच्या हिशेबाने ४५० वर असतील तर त्यावर डब्ल्यूपीसी झोल खाणार.

स्क्रू

पीओपीवाले वापरतात तो काळा स्क्रू डेकला कधीही नको, एका पावसाळ्यात त्याची डोकी तुटायला लागतात. सागाला साधं लोखंड लागलं की भोवती काळे डागही पडतात. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील मागा. चुंबकाने तपासायची पद्धत अर्धीच उपयोगाची आहे: साधा लोखंडी स्क्रू त्याने पकडता येतो, पण हलक्या ग्रेडचं २०२ स्टीलही चुंबकाला फारसं चिकटत नाही. म्हणून रविवार पेठेतल्या चांगल्या दुकानातून, डब्यावर ग्रेड बघून, बिलावर लिहून घ्या. आधी गिरमिटाने भोक पाडून मगच स्क्रू लावायला सांगा, विशेषतः फळीच्या टोकाशी.

बागेतला डेक मातीला टेकवणं

जुन्या वाड्यांचे लाकडी खांब दगडी तळखड्यांवर उभे आहेत, मातीत पुरलेले नाहीत. तेच इथे करा. खांबाचं बूड जमिनीपासून निदान १०० ते १५० मिलिमीटर वर, काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवलेल्या लोखंडी बुटात असू द्या. खालची माती साफ करून खडी पसरा. वाळवीच्या मातीच्या नळ्या ठोकळ्यांवर चढताना दिसायला हव्यात, म्हणून डेकच्या कडा खालपर्यंत फळ्यांनी बंद करू नका. लाकडाचा बारीक भुसा पडत असेल तर तो वाळवीचा नाही, भुंग्याचा आहे. दोघांचा उपाय वेगळा, तेव्हा पेस्ट कंट्रोलवाल्याला काय दिसलं ते नीट सांगा.

उंचावरच्या डेकचं रेलिंग हलवून बघा. माणूस टेकल्यावर ते बोटभरही सरकत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत डेकवर कोणाला जाऊ देऊ नका. पाहुण्यांच्या गर्दीत असं रेलिंग सुटतं.

चकाकीच्या मागे लागणं

घरातल्या फर्निचरचं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन पॉलिश डेकवर मारलं की एक-दोन उन्हाळ्यांत त्याला भेगा पडतात. पाणी त्या भेगांतून आत शिरतं आणि कवचाखाली अडकतं. डेकला आत मुरणारं, उन्हापासून वाचवणारा रंगकण असलेलं डेक ऑइल हवं. दरवर्षी पावसाआधी एक हात मारा. पाणी शिंपडून बघा, थेंब वर न राहता लगेच शोषले गेले तर तेलाची वेळ झाली. शेवाळ साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासून काढा. गाडी धुवायचा प्रेशर पंप जवळून मारला तर लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पुढच्या वेळी शेवाळ आणखी घट्ट धरतं. टॉयलेटचं ॲसिड तर बिलकुल नको, त्याने स्क्रूही खाल्ले जातात. लोखंडाचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने निघतात, पण हातमोजे आणि चष्मा घालूनच लावा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका.

जवसाचं तेल असलेलं डेक ऑइल वापरलं तर पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा. उतरवलेल्या जुन्या फळ्या साध्या सागाच्या असतील तर बंबात घालायला हरकत नाही. पण रसायन मुरवलेलं हिरवट पाइन, रंगवलेलं लाकूड आणि डब्ल्यूपीसी जाळू नका. जुन्या ट्रीटमेंटमध्ये आर्सेनिक असू शकतं. ते धुरात जातं आणि राखेतही राहतं, तेव्हा ती राख झाडांनाही घालू नका.