फुग्यांचा माल सोडण्याआधी इन्स्पेक्शन रिपोर्ट कसा तपासायचा

माल निघण्याआधी कारखान्यात होणाऱ्या तपासणीचा, म्हणजे इन्स्पेक्शनचा रिपोर्ट मेलवर येतो तेव्हा बहुतेक वेळा संध्याकाळचे सात वाजून गेलेले असतात. पाठोपाठ कारखान्यातून फोन येतो, "ताई, पास झालंय, गाडी लावू का?" तिकडे सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, न्हावाशेवा बंदराचा कट-ऑफ (माल पोचवायची शेवटची वेळ) गाठायचा असतो. मस्जिद बंदरच्या एका छोट्या एक्स्पोर्ट ऑफिसात मी 16 वर्षं पार्टीच्या सामानाचं काम बघते, आणि त्यात लेटेक्सचे फुगे सगळ्यात जास्त. "गाडी लावू का" याचं उत्तर मी अर्धा तास देत नाही. त्या अर्ध्या तासात काय करते ते लिहिते. या धंद्यात नव्याने आलेल्यांना उपयोग होईल.

पहिलं पान मी शेवटी वाचते. 'पास' हा शब्द डोळ्यांत बसला की पुढचे आकडे नीट दिसत नाहीत, हा माझा अनुभव आहे. सुरुवात फोटोंपासून करायची. कार्टनवरचा मार्का आपल्याच ऑर्डरचा आहे का, किती कार्टन रचलेली दिसतात, ती चिकटपट्टी लावून बंद आहेत का. इन्स्पेक्शनला माल शंभर टक्के तयार आणि किमान 80 टक्के पॅक असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. फोटोत फुगे अजून गोण्यांत भरलेले दिसले, तर राहिलेल्या मालात नंतर काय भरलं जाईल हे त्या रिपोर्टवरून कळणार नाही. तिथेच थांबून फोन करायचा.

मग वजन. इथे घाई अजिबात नको.

समजा ऑर्डर 12 इंची, 2.8 ग्रॅमच्या 1,20,000 फुग्यांची आहे. 100 चं पाकीट, 50 पाकिटांचं कार्टन, म्हणजे 24 कार्टन. अशाच एका ऑर्डरच्या रिपोर्टमध्ये तीन ओळी होत्या. पाकिटाचं निव्वळ वजन 280 ग्रॅम, ओके. पाकिटातले नग 100, ओके. एका फुग्याचं सरासरी वजन 3.1 ग्रॅम, ओके, उलट ठरल्यापेक्षा जाडच. प्रत्येक ओळ वेगळी वाचली तर काहीच खुपत नाही. पण 280 ला 3.1 ने भागा. 90 येतात. फुगे मोजून कोणी भरत नाही, काट्यावर तोलून भरतात. फुगा जड निघाला की तेवढ्याच वजनात नग कमी बसतात. इन्स्पेक्टरने 100 हा आकडा पाकिटावरच्या छपाईवरून उतरवला होता. मी त्याला तीन वेगवेगळ्या कार्टनमधली तीन पाकिटं उघडून, हाताने मोजून व्हिडिओ पाठवायला सांगितलं. 91, 90, 92. म्हणजे सगळ्या ऑर्डरमध्ये जवळपास 11 हजार फुगे कमी. कार्टनचं वजन मात्र बरोबर भरत होतं, त्यामुळे वजनकाट्यावर हे कधीच उघडं पडलं नसतं.

उलटही होतं. सरासरी वजन 2.5 आलं तर पाकिटात 112 नग निघतील आणि कोणी तक्रार करणार नाही, पण तो फुगा पातळ असतो आणि पूर्ण फुगवला की फुटतो. म्हणून वजन, नग आणि पाकिटाचं वजन हे तिन्ही आकडे कागदावर एकमेकांशी ताडून बघा.

त्यानंतर दोषांचा तक्ता. सॅम्पलिंग, म्हणजे मालातले थोडे नग निवडून तपासणं, बहुतेक ठिकाणी आयएसओ 2859-1 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे होतं, आपल्याकडचं आयएस 2500 त्याच धर्तीचं आहे. 35,001 ते 1,50,000 नगांच्या लॉटला (एकत्र तपासायच्या मालाला) जनरल लेव्हल 2 वर, म्हणजे नेहमीच्या पातळीवर, 500 नग तपासतात. मेजर, म्हणजे मोठ्या दोषांना एक्यूएल (किती दोष चालतील याची मर्यादा) 2.5 ठरलं असेल तर 21 दोषांपर्यंत पास, 22 झाले की नापास. नवा माणूस 19 दोष बघतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. पण ते 19 कोणत्या रंगात आहेत? ऑर्डरमध्ये 12 रंग असतील तर एका रंगाच्या वाट्याला 41-42 फुगे येतात. आमच्या एका लॉटमध्ये 19 पैकी 15 दोष एकट्या काळ्यात होते. 42 पैकी 15! बाकी अकरा रंगांत मिळून चार. कागदावर लॉट पास, आणि काळ्याचं प्रत्येक तिसरं नग खराब. प्रत्येक रंगाचं लेटेक्स वेगळं कालवलं जातं आणि साचे वेगळे बुडवले जातात, म्हणून एक रंग बिघडला तरी शेजारचा उत्तम असू शकतो. ऑर्डर देतानाच लिहून टाका की दोषांचा तक्ता रंगवार हवा.

दोष कोणत्या रकान्यात टाकलाय तेही बघा. सुईएवढं भोक, फाटलेलं तोंड, तोंडाची वळी नीट न वळलेली, हे सगळं मेजर. वळी अर्धवट असेल तर गाठ मारताना बोटाखाली तोंड चिरतं. फोटोत तोंडाचा जवळून घेतलेला एक तरी फोटो असावा. चिकटपणा पुष्कळदा मायनर, म्हणजे किरकोळ दोषांमध्ये ढकलतात, ते मी मान्य करत नाही. आज दोन थर जरासे चिकटत असतील, तर उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये महिनाभर राहिल्यावर ते सुटताना फाटतात. रबर नीट पक्कं झालेलं नसलं की असं होतं. बुरशी, किडा, टाचणी किंवा चुकीची सूचना छापलेलं पाकीट हे क्रिटिकल, म्हणजे सगळ्यात गंभीर. तिथे एकही चालत नाही.

फुगवून पाहण्याच्या चाचणीत सगळे 500 फुगे नसतात. स्पेशल लेव्हल एस-4 (कमी नग तपासायची पातळी) असेल तर 80. किती फुगवले, पंपाने की तोंडाने, मापाच्या चौकटीत 12 इंच भरले का आणि गाठ मारून किती वेळ ठेवले, हे चारही लिहिलेलं हवं. नुसतं 'इन्फ्लेशन टेस्ट ओके' असेल तर परत पाठवा. बारीक भोक दहा मिनिटांत कळत नाही.

लॅबचा रिपोर्ट हा वेगळा कागद. युरोपला माल जात असेल तर त्यात नायट्रोसामाइन हे कर्करोगाचा धोका असलेलं रसायन बघायचं. लेटेक्स पक्कं करायला जी रसायनं घालतात त्यांतून ते तयार होऊ शकतं. युरोपच्या 2009 च्या खेळण्यांच्या नियमात मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम आहे, आणि ज्यांपासून ते पुढे बनू शकतं त्या पदार्थांना 1 मिलिग्रॅम. लॅबला कोणते रंग गेले होते, तारीख कधीची आहे, कारखाना तोच आहे का, हे तपासा. गेल्या वर्षीच्या लाल फुग्याचा रिपोर्ट यंदाच्या काळ्याला चालत नाही. पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांबद्दलची, न फुगवलेल्या किंवा फुटलेल्या फुग्याने गुदमरण्याची सूचना आणि नैसर्गिक रबर लेटेक्सचा उल्लेख हवा. फुगा मूल थेट तोंडाला लावतं. या पानावर माझी सूट कोणालाच नाही, कट-ऑफ चुकला तरी.

सगळं तपासल्यावर पहिलं पान. तिथला निष्कर्ष आपल्या आकड्यांशी जुळतो का ते बघायचं आणि मेल लिहायचा. 'ओके' किंवा 'नॉट ओके' एवढंच नको, कोणता रंग, किती कार्टन, काय करायचं ते लिहायचं. काळ्याच्या त्या लॉटला मी लिहिलं होतं: "काळी 2 कार्टन बाजूला काढा, नवीन बॅच बनवा, पुन्हा तपासणी तुमच्या खर्चाने. बाकीची 22 उद्या सकाळी भरा, आणि प्रत्येक रंगाची दोन पाकिटं आमच्या ऑफिसला पाठवा." ती पाकिटं तारीख घालून कपाटात ठेवली. अजूनही आहेत.