वाचक अचानक घटले तर तपास कुठून सुरू करावा

एसईओच्या, म्हणजे साइट शोधनिकालांत वर आणण्याच्या, कामात नव्याने आलेल्या माणसाची खरी परीक्षा होते ती ग्राहकाचा फोन येऊन 'साइटवरचे लोक निम्म्यावर आले' एवढेच कानावर पडते तेव्हा. अशा वेळी शीर्षके बदलावीत, जुने लेख काढून टाकावेत, बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारे दुवे) मागवाव्यात, म्हणजे काहीतरी करून दाखवावे, असा मोह होतो. तो आवरावा, कारण घसरण नेमकी कुठे झाली हे कळण्याआधी केलेला प्रत्येक बदल पुढच्या तपासाचा माग पुसतो.

प्रथम मोजमापच बिघडलेले नाही ना, हे पाहावे. साइटवर किती लोक आले ते अ‍ॅनालिटिक्स हे साधन मोजते, तर गूगलच्या निकालांतून किती क्लिक आले ते गूगलचे सर्च कन्सोल सांगते. अ‍ॅनालिटिक्समध्ये आकडा कोसळला असेल, पण सर्च कन्सोलमधील क्लिक पूर्वीइतकेच असतील, तर बहुधा थीम बदलताना मोजणीचा कोड गळून पडलेला असतो.

क्लिकही घटले असतील, तर इंप्रेशन (पान निकालांत किती वेळा दिसले) आणि सरासरी स्थान (तिथे ते सरासरी कितव्या क्रमांकावर होते) हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत, आणि तेही संपूर्ण साइटचे नव्हे, तर एकेका पानाचे व एकेका शोधशब्दाचे. स्थान तेच राहून इंप्रेशन घटले असतील, तर लोकांचे शोधणेच कमी झाले आहे. स्थान घसरले असेल, तर दोष आपल्या पानात किंवा स्पर्धकांच्या सुधारणेत शोधावा लागतो. स्थान आणि इंप्रेशन दोन्ही तसेच असून क्लिक घटले असतील, तर तो शब्द स्वतः गूगलवर टाकून निकालाचे पान डोळ्यांनी पाहावे. अनेकदा उत्तर तिथेच वर छापलेले असते आणि वाचकाला आत येण्याची गरज उरलेली नसते.

मराठी साइटवर मागणीचा अंदाज घेताना एक चूक फार होते. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. उकडीच्या मोदकांच्या पाककृतीचे पान २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आदल्या सप्टेंबरशी ताडून पाहिले, तर काहीही बिघडलेले नसताना ते बुडाल्यासारखे दिसणार. आकड्यांच्या तयार डॅशबोर्डला तिथी आणि अधिक मास ठाऊक नसतात. म्हणून तारखेशी तारीख न जुळवता चतुर्थीपूर्वीचे २१ दिवस दोन्ही वर्षांत मोजून घ्यावेत. सर्च कन्सोलमध्ये मागील १६ महिन्यांचीच माहिती राहते, त्यामुळे दर महिन्याला ती उतरवून ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

साइट नुकतीच नव्या रूपात आली असेल, तर संशय आधी तांत्रिक बाजूवर घ्यावा. चाचणीच्या साइटवर लावलेला नोइंडेक्सचा ('हे पान निकालांत दाखवू नका' असे गूगलला सांगणारा) टॅग चालू साइटवर तसाच राहणे ही अत्यंत नेहमीची चूक आहे. उलट, एखादे पान निकालांतून काढायचे असताना नोइंडेक्स लावून वर रोबोट्स फाइलमध्येही (बॉटने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) त्याला अडवले, तर गूगलचा बॉट, म्हणजे पाने वाचत फिरणारा प्रोग्राम, पानापर्यंत पोहोचतच नाही आणि त्याला तो टॅग दिसत नाही. पानांचे पत्ते (यूआरएल) बदलले असतील, तर प्रत्येक जुने पान त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याचे सांगणाऱ्या संकेताने) वळवावे आणि ही सोय किमान एक वर्ष ठेवावी. सगळी पाने मुखपृष्ठाकडे वळवणे म्हणजे ती गमावणेच होय.

पत्ते देवनागरीत असतील, तर आणखी सावध राहावे. असा पत्ता कॉपी केला की प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी टक्क्याच्या खुणांसह नऊ चिन्हे उमटतात, त्यामुळे जुन्या-नव्या पत्त्यांच्या याद्या एकाच रूपात आणल्याशिवाय एक्सेलमध्ये जुळत नाहीत. त्यातही 'पुऱ्या' हा शब्द कोणी 'ऱ' वापरून टाइप करतो, तर कोणी 'र' आणि हलन्त यांच्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह घालून. डोळ्यांना एकच दिसणारे हे शब्द संगणकाच्या लेखी भिन्न आहेत आणि त्यापायी वळवलेले पत्तेही तुटतात. याद्या डोळ्यांनी जुळवून समाधान मानू नये. जुने पत्ते प्रत्यक्ष चालवून पाहावेत.

यातले काहीच न सापडल्यास गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर त्या दिवसांत कोअर अपडेट (गूगलच्या क्रमवारीच्या पद्धतीतील मोठा बदल) चालू होते का, हे तपासावे. मार्च २०२४ चे अपडेट पूर्ण व्हायला ४५ दिवस लागले होते, म्हणून मधल्याच आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये. अपडेट संपल्यावर निदान एक आठवडा जाऊ द्यावा.

या कामातले शिक्षण अभ्यासक्रमांतून होते, पण माझ्या मते त्याहून अधिक ते कामाच्या वहीतून होते. कोणत्या तारखेला कोणत्या पानावर काय बदलले, कोणाच्या सांगण्यावरून बदलले आणि त्यातून काय अपेक्षित होते, हे बदल करतानाच लिहावे आणि सहा आठवड्यांनी त्यापुढे प्रत्यक्ष काय घडले ते नोंदवावे. अपेक्षा आधी लिहिलेली नसली, की घडले तेच आपल्याला अपेक्षित होते असे वाटू लागते. ग्राहकाला द्यायचा अहवालही याच वहीतून तयार होतो: काय तपासले, काय नाकारले, कशाबद्दल अजून खात्री नाही आणि पुढचा बदल कोणता. पहिल्या क्रमांकाची हमी त्यात लिहू नये. तशी हमी कोणालाच देता येत नाही, हे गूगलनेच स्पष्ट केलेले असून ग्राहकाने आग्रह धरलाच तर तेच पान त्याच्यासमोर ठेवावे.